सकाळी सहा-सहा सेल्फ खाणारा जुना टाटा १६१३ ट्रक: इंजिन उघडण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातले एक गाडीमालक, टाटा १६१३, २००९ चं मॉडेल, कांद्याची वाहतूक. दिवाळीनंतर सकाळी गाडी सहा-सात सेल्फ मारल्याशिवाय चालू होत नाही. चालू झाली की आठ-दहा मिनिटं पांढरा धूर काढते, मग साफ. दिवसभर एका सेल्फात उठते, मुंबईहून परतीचा माल भरून कसारा घाट चढते. दोनांपैकी एक बॅटरी नवी टाकली, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) करून घेतले, फरक नाही. मिस्त्री म्हणतात कॉम्प्रेशन गेलं, म्हणजे सिलिंडर दाब धरत नाहीत; हाफ इंजिन करा, म्हणजे इंजिन उघडून रिंगा-वॉल्व्हचं काम करा. करावं का?

आज तरी नको. तुमचे मिस्त्री चुकीचेच आहेत असं मी म्हणत नाही. पण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून कॉम्प्रेशन गेलं असं ठरत नाही. रात्रभरात लाईनमधलं डिझेल टाकीत परत उतरत असलं तरी गाडी हेच सगळं करते. सेल्फ मंद फिरत असला तरीही हेच. तिन्हींचा खर्च मात्र फार वेगवेगळा आहे.

तुम्ही चालू झाल्यानंतरच्या धुराबद्दल लिहिलंय. मला त्याआधीचा धूर हवा. पहाटे पहिला सेल्फ मारताना एक माणूस सायलेन्सरपाशी उभा करा. इंजिन फिरतंय, पण पकडत नाही, अशा वेळी पाईपातून काही येतं का, एवढंच त्याने पाहायचं. काहीच येत नसेल तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोचत नाही, मग कॉम्प्रेशनची चर्चा तिथेच थांबवा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत या एका निरीक्षणाने निम्मं निदान होतं. त्याला पैसे लागत नाहीत म्हणूनच बहुधा कुणी ते करत नाही.

दुसरा प्रश्न, मागच्या एप्रिल-मे महिन्यात हा त्रास अजिबात नव्हता का? निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, महाराष्ट्रातल्या सगळ्यात थंड जागांपैकी ती एक. फक्त थंडीतच त्रास असेल तर संशय बॅटरी, सेल्फ, कॉम्प्रेशन आणि टायमिंगवर (डिझेल फवारण्याच्या वेळेवर) जातो. उन्हाळ्यातही रात्रभर उभी राहिली की हाच तमाशा होत असेल, तर डिझेल उतरतंय. दिवसा एका सेल्फात उठते याचा मात्र फार आधार घेऊ नका. गरम इंजिन कमी कॉम्प्रेशनवरही उठतं, आणि तासाभरात लाईन रिकामी होत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी उत्तर तेच येतं.

आता सेल्फकडे. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. पिस्टन हवा सतरा-अठरापट दाबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण ही उष्णता टिकण्यासाठी दाबण्याचं काम झटक्यात व्हावं लागतं. इंजिन मंद फिरलं की हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटते आणि तिची उष्णता थंड लायनर (सिलिंडरची आतली भिंत) खातो. साधारण शंभर ते दीडशे आरपीएमच्या खाली सेल्फ गेला तर धडधाकट इंजिनही थंडीत उठत नाही. मोजायचं कसं? मोबाईलवर सेल्फचा आवाज रेकॉर्ड करा. सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात तीन कॉम्प्रेशन येतात, म्हणजे दीडशे आरपीएमला सेकंदाला सात-आठ ठोके. रेकॉर्डिंग हळू करून ठोके मोजा. पाचच्या खाली असतील तर आधी वीज दुरुस्त करा, बाकी सगळं नंतर. ठोके एकसारखे येतात की मध्येच एखादा हलका पडतो, हेही ऐका. दर सहा ठोक्यांत एकदा सेल्फ सुसाट सुटल्यासारखा वाटला तर एक सिलिंडर दाब धरत नाही. ही खूण ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

तुम्ही एकच बॅटरी नवी टाकली, तिथे मला पहिली शंका आहे. तुमच्या गाडीत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून चोवीस व्होल्ट होतात. दोघींमधून करंट तोच जातो, म्हणजे जुनी जेवढं देईल तेवढंच मिळणार. त्यात आपल्याकडे ड्रायव्हर लोक टेप, पंखा, मोबाईल चार्जर, देवापुढचा दिवा हे सगळं बारा व्होल्टवर चालवायला एकाच बॅटरीवरून वायर काढतात. ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. अशी वायर असेल तर काढा आणि चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लावा. मग मल्टिमीटर घेऊन दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. रात्रभर उभ्या गाडीत प्रत्येकी साडेबाराच्या आसपास व्होल्ट हवेत, आणि खरी परीक्षा सेल्फ मारताना: त्या वेळी कुठलीही एक ९.६ च्या खाली जाता कामा नये. नुसते उभ्या गाडीतले व्होल्ट पाहून 'बॅटरी ओके' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बॅटऱ्या चांगल्या निघाल्या तर केबल पाहा. मीटरची लाल वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळी सेल्फच्या जाड बोल्टला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर तेवढा दाब वाटेतल्या केबल, टर्मिनल किंवा सोलेनॉइडमध्ये (सेल्फला करंट जोडणारा स्विच) वाया जातोय. तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत मोजा. इथे तर पाव व्होल्टच्या वर काही नको. अर्थिंगची पट्टी ही जुन्या ट्रकची हमखास दुखरी जागा. पासिंगच्या वेळी चासीला रंग मारतात आणि पट्टी त्या रंगावरच आवळतात. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण सेल्फला लागणारे शेकडो अँपिअर त्या रंगातून जात नाहीत. बोल्ट काढा, लोखंड चमकेपर्यंत घासा, व्हॅसलीन लावून आवळा. सेल्फच्या बोल्टवर पूर्ण व्होल्ट पोचूनही तो मंद फिरत असेल तर सेल्फ उतरवायचा. त्याचे बुश झिजले की आर्मेचर (सेल्फचा फिरणारा भाग) आतल्या पोलला घासतं, नुसते कार्बन बदलून भागत नाही.

एक गोष्ट जाता जाता: इंजिन ऑइल जास्त खातं म्हणून कुणी जाड ऑइल भरलं असेल तर थंडीत तेही सेल्फला जड जातं.

वीज ठीक आहे आणि पहिल्या सेल्फला धूर नाही, असं धरून पुढे जाऊ. माझा कल इकडेच आहे. पहाटे सेल्फला हात लावण्याआधी फीड पंपावरचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ओढायचा दट्ट्या, मारा. पहिल्या दोन-तीन झटक्यांतच तो कडक झाला तर लाईन भरलेली आहे. बराच वेळ पोकळ चालला आणि मग हळूहळू कडक झाला तर रात्रीत डिझेल मागे गेलंय. कडक झाल्यावर सेल्फ मारा. गाडी एका सेल्फात उठली तर निदान झालं, आणि हाफ इंजिनाचे पैसे वाचले. मात्र ही चाचणी लागोपाठ तीन-चार पहाटे करा, एका दिवसावर निकाल देऊ नका.

आता हवा कुठून शिरते ते शोधायचं. इथे लोक ओल शोधत बसतात, आणि ओल नाही म्हणून पाईप चांगला समजतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतची बाजू ही ओढीची बाजू आहे. तिथे भेग असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फुटक्या नळीने उसाचा रस ओढावा तसं, रस सांडत नाही पण तोंडात फक्त हवा येते. त्यामुळे जॉइंट कोरडा दिसणं हा काही पुरावा नाही. फीड पंपाच्या पुढे, फिल्टर आणि मोठ्या पंपाकडे (नोझलना डिझेल देणारा), दाबाची बाजू येते. तिथली गळती चालू गाडीत ओल दाखवते, पण उभ्या गाडीत तीच जागा हवा आत घेते आणि मागचा सगळा स्तंभ टाकीत घसरतो.

सगळे पाईप एकदम बदलू नका, बाजू ठरवा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन पंपापेक्षा उंच टांगा आणि पारदर्शक नळीने थेट फीड पंपाच्या इनलेटला जोडा. एअर काढा, गाडी चालू करून बंद करा, कॅन तसाच जोडलेला ठेवून रात्रभर सोडा. कॅन नीट बांधा, नळीला क्लिप लावा, आणि ती मॅनिफोल्डपासून लांब ठेवा. सकाळी एका सेल्फात उठली तर दोष बहुधा टाकी ते फीड पंप या तुकड्यात: टाकीतली उभी नळी, रबरी होज, बनजो बोल्टचे (पाईप जोडणारे पोकळ बोल्ट) वॉशर, वॉटर सेपरेटरची (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा) रिंग. कॅन लावूनही तोच त्रास असेल तर फीड पंप आणि त्याच्या पुढचं पाहायचं. फीड पंपाचे छोटे वॉल्व्ह आणि प्रायमरची सील हे दोन जुने गुन्हेगार. किट फार महाग नसतं, पण मी प्रायमरचा जुना गंजका प्लंजर ठेवून नुसती सील कधी बदलत नाही, नवी सील त्यावर टिकत नाही. कॉपर वॉशर तर दर वेळी नवेच. जुने घासून परत लावणं ही काटकसर नव्हे. मोठ्या पंपावरचा ओव्हरफ्लो वॉल्व्हही (जादा डिझेल परत सोडणारा) उघडून बघा. त्याची स्प्रिंग तुटली की पंपाच्या गॅलरीत (आतल्या डिझेलच्या पोकळीत) दाब राहत नाही, आणि गाडी उठायलाही त्रास देते, ओढायलाही. कुणी तो बदलून साधा पोकळ बोल्ट लावलेला सापडला तर तोच तुमचा दोष असायची बरीच शक्यता आहे.

डिझेल पोचत नसण्याचं आणखी एक कारण अगदी फालतू आहे, पण विचारून घेतो. इंजिन बंद करायची स्टॉप केबल गंजून अर्धवट अडकते. कॅबिनमध्ये नॉब आत ढकललेला दिसतो, पण पंपावरचा लिव्हर पूर्ण परतलेला नसतो आणि रॅक (पंपातली डिझेलचं माप ठरवणारी पट्टी) अर्धी बंद राहते. केबल सुटी करून लिव्हर हाताने मागे करून बघा. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर धुराचा पाईप मिटवणारी त्याची फ्लॅपही पूर्ण उघडते का ते पाहा. अडकलेल्या फ्लॅपने कितीतरी इंजिनांचे हेड विनाकारण उतरलेत.

आता दुसरी वाट: पहिल्या सेल्फपासून पांढरा धूर येतोय, सेल्फही जोरात फिरतोय. म्हणजे डिझेल येतंय, पण थंड हवेत किंवा चुकीच्या वेळी, किंवा धार मारून येतंय. नोझल करून घेतले म्हणालात, तर दोन गोष्टी विचारा. टेस्टरवर प्रत्येक नोझल किती दाबाला उघडला आणि फवारा धुक्यासारखा होता का? आणि बसवताना खालचे जुने कॉपर वॉशर काढले होते का? जुना वॉशर खड्ड्यात चिकटून राहतो आणि त्यावर नवा बसवला जातो. दोन वॉशर झाले की नोझल वर उचलला जातो, फवारा पिस्टनच्या वाटीत न पडता भलतीकडे जातो. अशा वेळी नोझल नवा असूनही गाडी पूर्वीपेक्षा वाईट उठते. त्यानंतर टॅपेट, म्हणजे वॉल्व्हवरचा गॅप. वॉल्व्हची सीट झिजत गेली की वॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होत होत नाहीसा होतो. मग वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. टॅपेट सेटिंगला फार वेळ लागत नाही. कंपनीने दिलेला गॅप ठेवून ते आधी करा. 'कॉम्प्रेशन गेलं' म्हणून आलेल्या काही गाड्या तेवढ्यावरच परत जातात.

पंपाचं टायमिंग मागे गेलं तरी थंडीत पांढरा धूर आणि उशिरा उठणं येतं. मधल्या काळात पंप कुणी उतरवला होता का, कपलिंग ढिली आहे का, हे आठवा. आणि पंप बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) नेलाच तर पंपवाल्याला स्पष्ट सांगा: सेल्फच्या स्पीडची डिलिव्हरी मोजून दाखव. पंपातला झिजलेला प्लंजर (डिझेल ढकलणारा दांडा) जास्त स्पीडला ठीक मोजला जातो, कारण गळायला वेळच मिळत नाही. सेल्फवर पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, तेव्हा डिझेल फटीतून परत निसटतं. 'पंप ओके आहे' हा शेरा बहुतेक वेळा वरच्या स्पीडच्या मापावरच दिलेला असतो.

नोझलची युनियन नट ढिली करून सेल्फवर डिझेल येतं का बघतात, ते या गाडीत चालतं, तोंड आणि हात लांब ठेवून. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, जास्त दाबाच्या डिझेल यंत्रणेच्या) गाडीत हे कधीही करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि ती बारीक धार कातडीतून आत शिरते, हात कापावा लागण्यापर्यंत वेळ येते. त्या गाडीचं सगळं निदान स्कॅनरवर रेल प्रेशर आणि नोझलचं रिटर्न बघून होतं, वरची बरीचशी पद्धत तिथे लागू नाही.

इथर स्प्रे मारू नका. तो वेळेआधी पेटतो, पिस्टनची रिंगांमधली भिंत तडकवतो, आणि मग हाफ इंजिन खरंच करावं लागतं. एअर क्लीनरपाशी डिझेलचा बोळा पेटवून धरणं हे तर गाडी पेटवायचंच काम. सेल्फही एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नको, मध्ये दोन मिनिटं थांबा. लागोपाठ मारल्याने सेल्फ जळतो, आणि न पेटलेलं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन काढतं, त्यामुळे आणखी दाब जातो. सहाव्या-सातव्या सेल्फला तुमची गाडी उठते ती लाईन डिझेलने भरल्यामुळे की इंजिन थोडं तापल्यामुळे, हे त्या क्षणी ओळखू येत नाही.

कांदा घेऊन उत्तरेकडे जात असाल तर एक वेगळीच गोष्ट. भारतीय मानक आयएस १४६० प्रमाणे डिझेलचा पोअर पॉइंट (ज्याच्या खाली ते वाहत नाही ते तापमान) उन्हाळ्यात १५ आणि हिवाळ्यात ३ अंशांपर्यंत चालतो. नाशिकला भरलेल्या टाकीनिशी गाडी काश्मीरमध्ये रात्रभर उभी केली तर फिल्टरात मेण जमतं आणि ती उठत नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंश पोअर पॉइंटचं वेगळं डिझेल आणलं ते यामुळेच. निफाडच्या थंडीत मात्र मेणाचा दोष नसतो. तिथे फिल्टर तुंबला असेल तर पाणी आणि कचऱ्याने.

एवढं सगळं करूनही पांढरा धूर आणि त्रास कायम असेल तर कॉम्प्रेशन मोजा. अंदाजाने नाही, गेजने. इंजिन गरम, सगळे नोझल बाहेर, बॅटऱ्या भरलेल्या, डिझेल बंद. मंद सेल्फवर घेतलेलं माप खोटं कमी येतं. धडधाकट डिझेल इंजिन साधारण २४ ते ३० बार दाखवतं, २० च्या खाली थंडीत उठणं अवघड. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला घ्या. शेजारचे दोनच सिलिंडर कमी असतील तर हेड गॅस्केट, एकच असेल तर बहुधा वॉल्व्ह. मघाचा तो हलका ठोका इथे जुळवून बघा. कमी सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब चढला तर रिंगा, नाही चढला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. चमच्यापेक्षा जास्त टाकू नका. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर जागाच इतकी कमी उरते की ऑइलनेच माप फुगतं, आणि खूप पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

सहाही सिलिंडर सारखे कमी, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) चालू गाडीत भपाभप वाफ, ऑइल भरायचं झाकण काढलं की उडतं, आणि दोन सर्व्हिसच्या मध्ये बरंच ऑइल टाकावं लागतं, असं असेल तर तुमच्या मिस्त्रींचं बरोबर आहे, हाफ इंजिन करा. त्या वेळी पंपही बेंचवर पाठवा, फीड पंपाचं किट आणि टाकीपासूनचे होज त्याच खर्चात बदलून घ्या.